अवबाहुक : हात उंचावताना होणारी अंसवेदना

दांडीवर कपडे वाळत घालताना, फडताळाच्या वरच्या कप्प्यातील डबा काढताना किंवा वेणी घालताना खांद्यात कळ येते, ही तक्रार आपणा सर्व वैद्यांच्या परिचयाची आहे. असा रुग्ण समोर आला की केसपेपरवर ‘अवबाहुक’ असे लिहून आपण महानारायण तेलाचे अभ्यंग व नाडीस्वेद सुरू करतो. आम्हीही कित्येक वर्षे हेच करीत आलो. पुष्कळांना त्याने बरे वाटते, परंतु काहींची वेदना वाढते. ती का वाढते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात या व्याधीची संप्राप्ती अगदी थोडक्यात सांगितली आहे. अंसदेशी स्थित झालेला वायू तेथील बंधनांचे शोषण करतो, सिरांचा संकोच करतो आणि त्यामुळे अवबाहुक उत्पन्न होतो. माधवनिदानावरील मधुकोश टीकेत मात्र येथे दोन व्याधी पाहिले आहेत. अंसबंधनांचा शोष हा केवळ वातज अंसशोष आणि सिरासंकोचाने होणारा तो वातकफज अवबाहुक. हा भेद केवळ पंडिती नाही. शोष असेल तेथे बृंहण हवे. कफाचा अनुबंध असेल तेथे आरंभी तेच बृंहण अपाय करते.

याचा धडा आम्हाला एका ५४ वर्षांच्या गृहिणीने दिला. उजव्या खांद्यात तीन महिने वेदना, रात्री त्या कुशीवर झोपणे अशक्य, सकाळी जडपणा, तोंडाला चव नाही. आम्ही पहिल्या दिवसापासून तेल, जोरकस मर्दन व स्वेद दिला, वर उडदाची खीर सुचविली. दहाव्या दिवशी त्यांचा हात पूर्वीपेक्षाही कमी उचलला जात होता. तेव्हा कोठे आम्ही जिव्हा नीट पाहिली, ती साम होती; आणि रक्तशर्करा तपासली, ती उपाशीपोटी २१० निघाली. मधुमेही व्यक्तींत खांदा आखडण्याचे प्रमाण इतरांहून कितीतरी अधिक असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. पण विचारण्याचे राहून गेले होते.

तेव्हापासून औषध लिहिण्यापूर्वी आम्ही पाच मिनिटे परीक्षणाला देतो. प्रथम रुग्णाने स्वतः हात बाजूने वर न्यावा, नंतर तोच हात वैद्याने आधार देऊन वर न्यावा. साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यातच कळ येऊन पुढे ती कमी होत असेल, तर अंसकूटाखाली कंडरा दबत असते. अगदी वरच्या टप्प्यात, खांद्याच्या माथ्यावर बोट ठेवून दाखविता येईल अशी वेदना अक्षकाच्या बाह्य संधीची असू शकते. कोपर बरगडीला टेकवून पुढचा हात बाहेरच्या बाजूस फिरविण्यास सांगावे. ही गती रुग्णाला स्वतः आणि वैद्यालाही करता येत नसेल, तर आखडलेला खांदा समजावा. कॉडमन यांनी १९३४ साली ज्यास ‘फ्रोझन शोल्डर’ म्हटले तो हाच. परंतु वैद्याने उचलल्यास हात सहज वर जातो आणि सोडताच खाली पडतो, विशेषतः पडण्याचा इतिहास असेल, तर कंडरा तुटलेली असण्याची शंका घ्यावी आणि रुग्णास विनाविलंब अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. तेथे मर्दन करीत बसण्यात अर्थ नाही. अंस हे स्नायुमर्म असून वैकल्यकर आहे, याचे विस्मरण होऊ नये.

वेदना मानेपासून निघून बोटांपर्यंत जात असेल व मुंग्या येत असतील तर विश्वाचीचा विचार करावा आणि मान तपासावी. हात हलविण्याशी संबंध नसलेली, चालताना डाव्या खांद्यात येणारी व घाम आणणारी वेदना खांद्याची नव्हे, हृदयाची समजून चालावे. धूम्रपान करणाऱ्या रुग्णास रात्रंदिवस वेदना असून हाताचे मांस झडत असेल, तर छातीचे क्ष-किरण चित्र काढलेच पाहिजे.

चिकित्सेविषयी. साम व वातकफज अवस्थेत प्रथम लघु आहार, सुंठीचे पाणी, रास्नासप्तक क्वाथ आणि वालुकापोट्टलीने रूक्ष स्वेद. मधुमेही रुग्णाची त्वक्‌संवेदना कमी असू शकते, म्हणून पोट्टलीची उष्णता आधी आपल्या हातावर पाहावी. अग्निकर्माचा मोहही येथे आवरावा. जडपणा व जिव्हेचा लेप गेल्यावरच स्नेहन करावे. निराम किंवा शोषप्रधान अवस्थेत महामाष तेलाचा हलक्या हाताने अभ्यंग, त्यावर स्निग्ध स्वेद आणि पोटात बला व माष यांचा क्वाथ द्यावा.

या व्याधीत वाग्भटाचार्यांनी नस्य आणि भोजनोत्तर स्नेहपान हे दोन उपाय मुद्दाम सांगितले आहेत. चरकाचार्यांचे मतही तेच आहे. भोजनानंतरचे औषध ऊर्ध्वकायावर कार्य करते, हा त्यामागील विचार. नस्यासाठी आम्ही क्षीरबला तेल प्रत्येक नाकपुडीत सहा ते आठ बिंदू, सात दिवस देतो. प्रतिश्याय, अजीर्ण व नुकतेच जेवण झालेले असताना देत नाही. रक्तमोक्षणाविषयी मात्र सावध असावे. वातव्याधिचिकित्सेत सुश्रुताचार्यांनी सिरावेधातून अवबाहुक वगळला आहे, तर शारीरस्थानात दोन अंसांच्या मध्ये वेध करावा असे काहींचे मत म्हणून नोंदविले आहे. आम्ही पहिल्या वचनाच्या बाजूने आहोत.

चक्रदत्तात बलामूळ, पारिभद्र व आत्मगुप्ता यांच्या योगासह माषरसाच्या नस्याने एका महिन्यात हात वज्रासारखा होतो, असे आश्वासन आहे. आमच्या रुग्णांच्या बाबतीत ते इतके उदार ठरलेले नाही. आखडलेला खांदा कित्येकदा वर्ष-दीड वर्ष घेतो, हे रुग्णास प्रथमच स्पष्ट सांगावे. अन्यथा तो तिसऱ्या आठवड्यात दुसरा वैद्य शोधतो. स्वेदानंतर पुढे वाकून सैल सोडलेला हात घड्याळाच्या लंबकाप्रमाणे झुलविणे आणि भिंतीवर बोटांनी वर चढणे, हे दिवसातून तीनदा, कळ असह्य होणार नाही इतपतच करावे. दुसऱ्याने हात ओढून वर नेणे पूर्णपणे वर्ज्य.

त्या गृहिणीची शर्करा त्यांच्या डॉक्टरांच्या औषधाने आटोक्यात आली, आम्ही खीर बंद करून तीन आठवडे रूक्ष स्वेद दिला, मग नस्य. पाचव्या महिन्यात त्या स्वतःची वेणी घालू लागल्या. वरच्या कप्प्यातील डबा अजून मुलगाच काढून देतो.