आल्फ्रेडच्या दरबारातील दर्यावर्दी : पाहिलेले आणि ऐकलेले

आल्फ्रेड म्हटले की इंग्लंडमध्ये पुष्कळांना करपलेल्या भाकरी आठवतात. डेन आक्रमकांमुळे 878 मध्ये राजा ॲथल्नीच्या दलदलीत लपला होता. गुराख्याच्या बायकोने त्याला चुलीकडे लक्ष ठेवायला सांगितले, भाकरी करपल्या आणि राजाने तिची बोलणी खाल्ली, अशी ती आख्यायिका. आसरने राजाच्या हयातीत, 893 मध्ये लिहिलेल्या चरित्रात ती नाही. ती पुढच्या संतचरित्रातली. भाषेच्या विद्यार्थ्याने थांबावे अशी जागा निराळी आहे.

वेसेक्सच्या या राजाने (राज्यकाल 871–899) आवश्यक ते लॅटिन ग्रंथ लोकभाषेत आणण्याचा उद्योग आरंभला. लॅटिन पत्राचा अर्थ लावणारेही थोडेच उरले, ही खंत एका अनुवादाच्या प्रस्तावनेत त्याने स्वतः नोंदवली आहे. त्याच सुमारास ओरोसियसचा पाचव्या शतकातील इतिहास जुन्या इंग्रजीत आला. हा अनुवाद राजाचाच, असे पूर्वी मानत. शैलीच्या अभ्यासानंतर ते मत मागे पडले. त्यातील भूगोलाच्या भागात मूळ ग्रंथात नसलेला मजकूर आहे : उत्तर नॉर्वेच्या ओटारने राजाला सांगितलेला प्रवास.

आपली जमीन उत्तरेला कुठवर जाते आणि ओसाडीपलीकडे कोणी राहते का, हे पाहायला ओटार निघाला. तीन दिवसांत तो देवमाशांचे शिकारी जातात तिथवर पोहोचला. आणखी तीन दिवसांनी किनारा पूर्वेला वळला. अनुकूल वाऱ्यासाठी थांबत तो पूर्वेला चार, मग दक्षिणेला पाच दिवस गेला, तेव्हा एका मोठ्या नदीपाशी बेओर्मा लोकांची वस्ती लागली. हा परिसर श्वेत समुद्राचा, असे सामान्यतः मानतात.

बेओर्मांनी त्याला स्वतःच्या आणि शेजारच्या मुलखांविषयी पुष्कळ गोष्टी सांगितल्या. पण त्यांतले खरे किती हे ओटारला ठाऊक नव्हते, कारण त्याने ते स्वतः पाहिले नव्हते. अनुवादकाने ही कबुली राखली. त्या गोष्टी मात्र नोंदल्या नाहीत, त्या कायमच्या गेल्या. हळहळ वाटते खरी, पण नवख्या गद्याने पाळलेला हा संयम दुर्मीळ आहे. लीळाचरित्राच्या वाचकाला, कोणाच्या आठवणीत काय वेगळे होते हे नोंदवण्याची तिथली रीत सहज आठवेल. बेओर्मा आणि फिन (म्हणजे आजचे सामी) जवळजवळ एकच भाषा बोलतात, हे निरीक्षणही ओटार ‘मला वाटले’ या बेताने मांडतो.

ऐकणाऱ्याचा कानही मजकुरात उमटला आहे. ओटारकडे 600 पाळीव रेनडिअर होते. तो आपल्या मुलखातला मातब्बर. तरी त्याची गुरे 20, मेंढ्या 20 आणि डुकरे 20च, असे लेखक सांगतो. हा ‘तरी’ शेतकरी इंग्लंडचा आहे. ओटारची श्रीमंती सामींकडून येणाऱ्या कातडी, पिसे आणि दोरखंडांच्या खंडणीत होती. त्याने राजासाठी वॉलरसचे सुळेही आणले होते.

लगेच पुढे वुल्फस्टानचा बाल्टिक समुद्रातील प्रवास येतो. सुरुवात ‘तो म्हणाला’ अशी होते. पण डाव्या हाताची बेटे मोजताना वाक्य नकळत ‘आमच्या’वर येते. इथे लेखणी थांबली आहे आणि खलाशी स्वतः बोलतो आहे.