घरचे माहितीभांडार आणि तीन प्रतींचे गणित

पूर्वी घरातील छायाचित्रे अल्बममध्ये असत आणि अल्बम कपाटात. आज ती मोबाइल फोनमध्ये असतात. ताईच्या लग्नाचे चित्रण, आजोबांच्या आवाजातील एखादी गोष्ट, शाळेच्या प्रकल्पाची टिपणे, हे सारे तळहाताएवढ्या यंत्रात साठलेले असते. फोन पाण्यात पडला तर नवा घेता येतो. आजोबांचा आवाज मात्र पुन्हा मिळत नाही. म्हणून ही माहिती घरात एके ठिकाणी कशी साठवावी, आणि साठवली म्हणजे ती सुरक्षित झाली का, या दोन प्रश्नांचा आज विचार करू.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे सेवा पुरविणारा संगणक. त्याला पडदा किंवा कळफलक असलाच पाहिजे असे नाही. तो कोपऱ्यात चालू राहतो आणि घरातील फोन, टीव्ही, संगणक यांनी मागितलेली फाइल त्यांना देतो. यासाठी जुना संगणक चालतो, किंवा रास्पबेरी पायसारखा हातावर मावणारा छोटा संगणकही चालतो. त्यावर लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली बसवायची, त्याला मोठी हार्ड डिस्क जोडायची आणि केबलने तो राउटरला जोडायचा. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा नेमून द्यावा. रोज पत्ता बदलणाऱ्या घरी टपाल कसे पोहोचणार? फाइलींची देवघेव करण्यासाठी सांबा आणि चित्रपट-गाणी टीव्हीवर पाहण्यासाठी जेलीफिन असे विनामूल्य प्रोग्राम मिळतात. पासवर्ड भक्कम ठेवावा, आणि पुरेशी माहिती होईपर्यंत हा सर्व्हर घराबाहेरील इंटरनेटला खुला करू नये.

यंत्र निवडताना वीजबिलाचा हिशेब अवश्य करा. ६० वॅटचा जुना संगणक दिवसरात्र चालला तर दिवसाला ६० × २४ = १४४० वॅट-तास, म्हणजे १.४४ युनिट वीज लागते. वर्षाला सुमारे ५२६ युनिट. छोटा संगणक आणि डिस्क मिळून १५ वॅट घेत असतील तर वर्षाला सुमारे १३१ युनिट पुरतात. फुकट मिळालेला जुना संगणक अशा रीतीने महागात पडू शकतो.

चकतीवर माहिती कशी राहते?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या चकत्या असतात. थरातील अतिसूक्ष्म भागांच्या चुंबकनाच्या दिशांतून ० आणि १ हे अंक नोंदले जातात. आय. बी. एम. कंपनीने १९५६ साली आणलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांत ५० लाख अक्षरे मावत. आजच्या फोनने काढलेले एखादे छायाचित्रही त्यात जेमतेम मावले असते! १९८८ साली आल्बेर फेर्त आणि पेटर ग्र्यूनबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या महाचुंबकरोध परिणामामुळे फार क्षीण चुंबकीय खुणाही वाचता येऊ लागल्या. या शोधासाठी दोघांना २००७ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मिनिटाला ५४०० फेरे घेणारी चकती सेकंदाला ९० वेळा फिरते. तिचा व्यास सुमारे ९५ मिलिमीटर धरला, तर कडेचा वेग ताशी जवळजवळ ९७ किलोमीटर येतो. वाचनशीर्ष या चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. आपला केस त्याहून हजारो पट जाड असतो. चालू डिस्कला धक्का का लागू द्यायचा नाही, हे आता सांगायला नको.

एक टेराबाइट म्हणजे १०¹² बाइट. एक छायाचित्र ४ मेगाबाइटचे धरल्यास त्यात अडीच लाख छायाचित्रे मावतात. मात्र संगणकावर ही डिस्क ९३१ गिगाबाइटची दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. काही कार्यप्रणाली गिगाबाइट म्हणजे १०⁹ ऐवजी २³⁰ बाइट धरतात, आणि १०¹² भागिले २³⁰ म्हणजे सुमारे ९३१.

हरवलेला अंक परत मिळवणे

डिस्क आज ना उद्या बिघडणारच. मग काय करावे? १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्कांचा संच वापरण्याची ‘रेड’ ही पद्धत मांडली. तिच्यातील एक युक्ती सोपी आहे. दोन डिस्कांवरील अंक घ्या आणि तिसरीवर असा अंक लिहा की तिघांत मिळून १ या अंकाची संख्या सम होईल.

पहिली डिस्क : १ ० १ १
दुसरी डिस्क : ० ० १ ०
तिसरी डिस्क : १ ० ० १

आता दुसरी ओळ हाताने झाका. पहिल्या स्तंभात १ आणि १ दिसतात. संख्या सम आहे, म्हणून झाकलेला अंक ०. तिसऱ्या स्तंभात १ आणि ० आहेत. म्हणून झाकलेला अंक १. अशा रीतीने गेलेली डिस्क पूर्ण लिहून काढता येते. दोन डिस्का एकदम गेल्या तर मात्र ही युक्ती चालत नाही.

गुणाकार केव्हा चुकतो?

केवळ हिशेबासाठी समजा, एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची संभाव्यता ५० मध्ये १ आहे. मग एकाच माहितीच्या दोन प्रती असलेल्या दोन्ही डिस्का त्या वर्षात बिघडण्याची संभाव्यता १/५० × १/५० = १/२५००; तीन प्रती असल्यास १/१,२५,०००. आकडे सुखावह आहेत. पण थांबा! हा गुणाकार घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच बरोबर असतो. दोन्ही डिस्का एकाच पेटीत असतील, तर विजेच्या दाबातील एकच उसळी दोन्ही जाळू शकते. चोर पेटी उचलतो, तो एक डिस्क मागे ठेवत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ज्या घरात पाणी शिरले तेथे एकाच टेबलाखाली ठेवलेल्या वस्तूंचे दैवही एकच होते. शिवाय चुकून फाइल पुसली, तर जुळ्या डिस्कवरूनही ती त्याच क्षणी पुसली जाते. म्हणून रेड हा बॅकअप नव्हे.

यावरून नियम मिळतो तो असा : माहितीच्या तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असू द्या आणि एक प्रत दुसऱ्या जागी, उदाहरणार्थ मामाच्या घरी, ठेवा. शेतकरी सारे बियाणे एकाच कणगीत भरत नाही, तसेच हे.

बाहेरची प्रत इंटरनेटवरून पाठवावी का? सेकंदाला २ कोटी बिट पाठवणाऱ्या जोडणीने एक टेराबाइट, म्हणजे ८ × १०¹² बिट पाठवायला चार लाख सेकंद, अर्थात साडेचार दिवसांहून अधिक काळ लागेल. त्यामानाने पिशवीतून डिस्क नेणारी एस. टी. कितीतरी वेगवान! पहिली प्रत हातानेच न्यावी. पुढे फक्त बदललेला भाग पाठवला तरी पुरते. हे काम करणारा आरसिंक हा प्रोग्राम ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली तयार केला.

प्रत तपासलीत का?

१९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने फाइली पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रती होत्या. पण त्या नीट तयारच होत नव्हत्या, हे तेव्हा कळले. गॅलिन सुसमन यांना लहान बाळामुळे घरून काम करावे लागे, म्हणून त्यांच्या घरी एक प्रत होती. तिच्यामुळे बराच भाग वाचला. यातून दोन गोष्टी दिसतात. वेगळ्या जागची प्रत उपयोगी पडते. आणि जी प्रत उघडून पाहिलेली नाही ती आहे असे समजू नये. दर महिन्याला एखादी फाइल राखीव प्रतीतून परत काढून पाहावी.

करून पाहा

१. घरातील सर्व छायाचित्रांचे एकूण आकारमान काढा. त्यांच्या किती प्रती आहेत आणि त्या कोठे आहेत, याचा तक्ता करा.

२. वरील तक्त्यात पहिली डिस्क झाकून तिचे चारही अंक शोधा.

३. तुमच्या माहितीच्या दोन प्रती एकाच वेळी नष्ट करू शकतील अशा घटनांची यादी करा. ती यादी आखूड करणे, हाच या पाठाचा खरा गृहपाठ.