आधी तिचं नाव खोड

नांदेड,
मार्गशीर्ष

चि. सोनू,


समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, म्हणजे एमएसडब्ल्यूच्या, अर्जासाठी लिहिलेला तुझा खर्डा मिळाला. बाकीचं सावकाश सांगते, आधी एक काम कर. दुसऱ्या परिच्छेदात तू तुझ्या वर्गमैत्रिणीबद्दल लिहिलं आहेस. नववीत असताना तिचं लग्न लावलं, वर्षाच्या आत दिवस राहिले, बाळंतपणात ती मरता मरता वाचली. तिथे तिचं नाव आहे, गावाचं नाव आहे, सासरचं आडनावही आहे. ते सगळं आजच खोड. ती पोरगी अजून त्याच घरात नांदते आहे. तिने पोटातलं तुझ्यापाशी काढलं ते मैत्रीण म्हणून. मुंबई-पुण्याच्या चार अनोळखी माणसांनी ते वाचावं म्हणून नव्हे. अल्पवयीन मुलींची ओळख उघड करू नये असं कायदाही सांगतो, पण कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं. ज्या कामाचं शिक्षण तू मागते आहेस, त्या कामात माणसं विश्वासाने जे सांगतात ते आपल्या मालकीचं होत नाही. अर्जातच तू ते पाळलेलं दिसलं, तर वाचणाऱ्या जाणत्या माणसाच्या लक्षात येईल. नाही आलं तरी तुझ्या मैत्रिणीला धक्का लागणार नाही, आणि ते जास्त महत्त्वाचं.

नाव गेलं म्हणून मजकूर लंगडा पडेल अशी भीती बाळगू नको. आत्ता तू तिचं दुःख सांगून थांबली आहेस आणि लगेच “म्हणून मला समाजाची सेवा करायची आहे” असं लिहिलं आहेस. या दोन वाक्यांच्या मधलं सगळं राहून गेलं. तिच्या बापाने लग्न का लावलं? तुला ते ठाऊक आहे, कारण तू त्याच शिवारातली आहेस. दिवाळी झाली की ते नवरा-बायको टोळीबरोबर ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच खर्चून गेलेली असते. वयात आलेली लेक गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, आणि सोबत न्यायची तर फडावरच्या कोपीत तिला जपायची कशी? शिवाय तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. लग्न झालं की नवा कोयता उभा राहतो, त्याची वेगळी उचल मिळते. बाप दुष्ट होता असं लिहिलं तर यातलं काही कळत नाही. बिचारा होता असं लिहिलं तरी कळत नाही. हे सगळं जसं आहे तसं मांड, साध्या वाक्यांत.

मग आणखी एक पाऊल पुढे जा. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ सालचा आहे, आणि आपल्या राज्यात गावपातळीवर ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. लेकरांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. कायदा होता, अधिकारी होता, क्रमांक होता. तरी भर दुपारी वाजतगाजत लग्न लागलं. मांडवात कोण कोण जेवून गेलं? कुणीच का बोललं नाही? त्या मांडवात तूही होतीस, तिच्याच वयाची. तेव्हा तुला काय वाटलं आणि आज काय वाटतं, हे प्रामाणिकपणे लिहिलंस तर अर्जाचा अर्धा भाग तिथेच उभा राहील.

ग्रामसेवकाला, अंगणवाडीच्या ताईंना, आशाताईंना जाऊन भेट. दोष काढायला नको जाऊस. त्यांच्या कामात कुठे हात बांधले जातात ते ऐकून घे. ज्या गावात रोज उठून काम करायचं, तिथल्या वजनदार घराविरुद्ध तक्रार लिहिणं सोपं नसतं. हे सगळे जे सांगतील ते त्याच संध्याकाळी वहीत उतरव. त्यांनी काय सांगितलं ते एका बाजूला, तुला काय वाटलं ते दुसऱ्या बाजूला, दोन्हींची सरमिसळ करू नको. दवाखान्यातल्या समाजसेविकेच्या सगळ्या नोकरीत मला ही एक सवय जितकी उपयोगी पडली तितकं दुसरं काही पडलं नाही. जळून आलेली बाई सासूसमोर “स्टोव्हचा भडका उडाला” म्हणते. सासू पाणी आणायला गेली की गप्प होते. ती गप्प झाली हे लिहायचं. ती का गप्प झाली याचा आपला अंदाज वेगळा लिहायचा. पुढे पोलीस, डॉक्टर, वकील तो कागद वाचतात, आणि आपला अंदाज तिच्या तोंडी गेला तर नुकसान तिचंच होतं.

आपल्या हिंगोली जिल्ह्याबद्दल तू फक्त “मागासलेला” एवढा शब्द वापरला आहेस. तो काढ. १ मे १९९९ला परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा, २०११च्या जनगणनेत पावणेबारा लाख वस्तीचा हा जिल्हा एकसारखा नाही. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं आहेत. कालव्याचं पाणी पोचतं तिथे वसमतकडे ऊस आहे, केळी आहे, साखर कारखाना आहे. वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच जिल्ह्यात सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या डोंगरपट्ट्यात उन्हाळ्याआधीच विहिरी तळ गाठतात आणि तिथली माणसं दुसऱ्याचा ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कळमनुरीकडच्या आंध समाजाच्या वाड्या आणि बंजारा तांडे तू लहानपणापासून बघते आहेस. हळदीच्या काढणीला वाकणाऱ्या बाया कुठून येतात, त्यांची लेकरं कुठे असतात, हेही बघितलं आहेस. मुंबईच्या मुलामुलींना हे पुस्तकात वाचावं लागतं, तुझ्या पायाखालचं आहे. नर्सीच्या नामदेवांपासून सुरुवात करायचा तुला मोह झालेला दिसतो. नामदेवांवर माझी तुझ्याइतकीच श्रद्धा आहे, पण या अर्जात त्यांना त्रास देऊ नको.

आता दादाचं, म्हणजे तुझ्या बाबांचं. त्यांनी मला फोनवर दोन प्रश्न विचारले: लोकांचं भलं करायला डिग्री कशाला लागते, आणि डिग्री घेऊन पोरीला नोकरी कुठली लागणार. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तूही त्यांची उत्तरं तयार ठेव, मुलाखतीत वेगळ्या शब्दांत हेच विचारतात.

जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. हे खरंच आहे, आणि अशी माणसं पुढेही होत राहतील. पण मुंबईच्या नागपाड्यात गिरणीकामगारांच्या वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांना रोज दिसत होतं की नुसत्या दयेने त्या वस्तीतले प्रश्न सुटत नाहीत. दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून १९३६मध्ये समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली ती त्यातून. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६मध्ये देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. माझी खुर्ची त्या परंपरेतली. क्षयाचा रोगी गोळ्या मधेच का सोडतो, हे डॉक्टरला रागावून कळत नाही. त्याच्या घरचं, रोजगाराचं, दारूचं, लाजेचं सगळं समजून घेऊन त्याला परत गोळ्यांवर आणायला शिक्षण लागतं. व्यक्तीबरोबर, गटाबरोबर आणि आख्ख्या वस्तीबरोबर काम करायच्या रीती वेगवेगळ्या आहेत. त्या शिकाव्या लागतात आणि कुणाच्या तरी नजरेखाली करून बघाव्या लागतात.

नोकरीबद्दल मी तुला गोड काही सांगणार नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, उमेदचं अभियान, सखी केंद्र, एचआयव्ही तपासणी केंद्रातले समुपदेशक, स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सीएसआर विभाग, अशा पुष्कळ ठिकाणी एमएसडब्ल्यू मागतात. पण यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, मानधन बेताचं असतं आणि कधी कधी महिनोन्‌महिने रखडतं. कायम जागा थोड्या आणि त्यांना स्पर्धा मोठी. दादाला हे मी जसंच्या तसं सांगणार आहे. लपवून मिळवलेली परवानगी दुसऱ्या वर्षी फीच्या वेळी मोडते.

कॉलेज निवडताना इमारत बघू नको, क्षेत्रकार्य बघ. एमएसडब्ल्यूची दोन वर्षं म्हणजे वर्गाइतकंच बाहेरचं काम: आठवड्यातले ठरावीक दिवस एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत, त्याचे अहवाल, मार्गदर्शक शिक्षकांबरोबर समोरासमोर बसून चर्चा, ग्रामीण शिबिर, शेवटी सलग काही आठवडे एका ठिकाणी काम. काही कॉलेजांत हे सगळं फक्त वहीवर होतं. अहवाल परीक्षेच्या आधी एका रात्रीत लिहिले जातात आणि सह्या होतात. तसल्या ठिकाणी दोन वर्षं फुकट जातील. म्हणून शिकून गेलेल्या मुलींना गाठ आणि एकच विचार: तुझा अहवाल सरांनी वाचून परत दिला होता का, त्यावर काय लिहिलं होतं? उत्तर देताना ती अडखळली तर समजून जा.

माझ्या मनात तुझ्यासाठी पहिलं आहे ते टाटा संस्थेचं तुळजापूर. मुंबईच्या संस्थेने मराठवाड्यात मुद्दाम काढलेला हा परिसर आहे, आणि ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामात या संस्थेची माणसं होती. दुष्काळ, स्थलांतर, पाणी हे तिथे परसातले विषय आहेत. अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२मध्ये उभी केलेली मानवलोक आहे. तिचं काम एकदा बघून ये, मग प्रवेश कुठेही घे. आपल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या लातूर उपकेंद्राची चौकशी कर. घराजवळ आणि खर्चाने हलकं पडेल. पुण्याला १९६३ची कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईला १९५५चं निर्मला निकेतन, दोन्ही जुन्या आणि नावाजलेल्या. मुंबईच्या नावाला भुलू नको आणि घाबरूही नको. तिथल्या राहण्याच्या खर्चाचा आकडा मात्र दादासमोर कागदावर मांडून मग ठरव.

टाटा संस्थेसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर होते. प्रश्न इंग्रजी-हिंदीत असतात, मराठीत नाहीत. नियम दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा मैत्रिणीने सांगितलं म्हणून धरून चालू नको, यंदाचं माहितीपत्रक स्वतः वाच. बाकीच्या विद्यापीठांच्या तारखा वेगळ्या असतात.

कागदांचं आत्ताच बघ. तुझं नाव दहावीच्या सनदेवर जसं आहे तसंच आधारवर आणि बँकेत हवं. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र दोन प्रकारचं लागेल: राज्यातल्या कॉलेजला राज्याच्या नमुन्यातलं आणि टाटा संस्थेसारख्या केंद्राच्या संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलं. तहसीलला अर्ज करतानाच हे स्पष्ट सांग, नाहीतर सेतूवाला नेहमीचं काढून देईल आणि प्रवेशाच्या दिवशी तू रडत बसशील. जात वैधता झालेली आहे ना? महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, आणि वसतिगृह नाही मिळालं तर सावित्रीबाई फुले आधार योजना, या दोन्हींची माहिती समाजकल्याण आणि ओबीसी कल्याणच्या कार्यालयात जाऊन विचार. तुझ्याबरोबर ती तांड्यावरची मुलगी अर्ज करणार होती ना? तिलाही घेऊन जा. एकटीला तिला खिडकीवरून परत पाठवतील.

इंग्रजीची तुला धास्ती आहे. आधी मराठीत लिही, पूर्ण, मनासारखं होईपर्यंत. मग स्वतःच्या इंग्रजीत आण, लहान वाक्यांत. सायबर कॅफेवाल्याकडून किंवा मोबाईलकडून झकपक इंग्रजी लिहून घेऊ नको. मुलाखतीत त्यातलाच एखादा शब्द काढून “याचा अर्थ सांगा” म्हणतात. बोलताना अडलीस तर “मी हिंदीत सांगू का” असं सरळ विचार. आणि एखाद्या गोष्टीची माहिती नसेल तर “माहीत नाही” म्हण. आमच्या कामात ते म्हणता यावं लागतं. नसलेलं आश्वासन देऊन आलेली माणसं वस्तीला फार महागात पडतात.

“पुढे काय करणार” या प्रश्नाला तू “गावात परत येऊन काम करीन” असं लिहिलं आहेस. खरंच तसं वाटत असेल तर ठेव. वाचणाऱ्याला बरं वाटेल म्हणून लिहिलं असेल तर काढ. शिकून नाशिकला किंवा गडचिरोलीला गेलीस तरी मला तितकाच आनंद होईल. तिथेही स्थलांतर करणारी माणसं आहेत आणि नववीतल्या पोरी आहेत.

दुसरा खर्डा झाला की मराठीतलाच पाठव, दोन पानांच्या वर नको. दादाशी रविवारी मी बोलते, तोवर तू घरात विषय काढू नको. केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यासाठी मात्र रविवारची वाट बघू नको, उद्याच तहसीलला जा.

तुझी,
आत्या