द्रावणाचा पूर्वेतिहास



पांढरकवडा किंवा वणीच्या बाजूला राहत असाल आणि घरी विहिरीचे पाणी वापरत असाल, तर पाणी तापवण्याचे पातेले आतून एकदा नीट पाहा. तळाशी पांढुरका, खरखरीत थर दिसला, तर त्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे येऊन तो फसफसला, तर तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा आहे असे समजा.

या भागात काळ्या बेसॉल्टबरोबर चुनखडीचे प्राचीन थरही आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना पैनगंगा गटात घालतात. जमिनीत मुरणारे पाणी मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळवते. ते तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला कॅल्शियम पुन्हा कार्बोनेटच्या रूपाने भांड्याला चिकटतो. हेच ते दुष्फेन पाणी. यात डाळ लवकर शिजत नाही, अशी घरातल्या मोठ्या माणसांची तक्रार तुम्ही ऐकली असेल.

इथवर तुमच्या पाठ्यपुस्तकातले झाले. आता एक प्रश्न विचारू. या थरातील स्फटिक कोणत्या प्रकारचे असतील?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कॅल्शियम कार्बोनेटचे सूत्र एकच, पण त्याच्या घटकांची रचना अनेक प्रकारे होऊ शकते. एका रचनेला कॅल्साइट म्हणतात. त्याची घनता सुमारे २.७१. दुसरी अॅरागोनाइट, घनता सुमारे २.९३. शिंपल्याच्या आतला चकाकणारा भाग याचाच असतो. तिसरी, सहसा फार न टिकणारी, व्हॅटेराइट. एकाच पदार्थाला अशी वेगवेगळी स्फटिकरूपे असण्याला बहुरूपता म्हणतात.

मग कोणते रूप केव्हा मिळते? जर्मन खनिजशास्त्रज्ञ गुस्टाव्ह रोझ यांनी १८३७ साली दाखवले की थंड द्रावणातून कॅल्साइट मिळते, तर गरम द्रावणातून अॅरागोनाइट. पाण्यात मॅग्नेशियम असेल, तर कॅल्साइटची वाढ अडते आणि अॅरागोनाइटला संधी मिळते. नेहमीच्या तापमानाला कॅल्साइट हेच अधिक स्थिर रूप आहे. पण एकदा तयार झालेले अॅरागोनाइट भांडे थंड झाले म्हणून लगेच बदलत नाही. कोरडे असेल तर ते दीर्घकाळ तसेच राहते. म्हणजे थंड पातेल्यातला थर, तो जन्मला तेव्हा पाणी कसे होते, याची खूण जपून ठेवू शकतो.

स्फटिक बनल्यावर ही गोष्ट पटते. पण स्फटिक बनण्याच्या आधी, द्रावण काचेसारखे स्वच्छ असतानाही त्याला पूर्वेतिहास असतो काय? हे प्रयोगाने पाहू या.

शाळेच्या प्रयोगशाळेतील ५० ग्रॅम पोटॅश तुरटी २०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात घाला. ढवळत सुमारे ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. एकही कण दिसेनासा झाला की द्रावण दहा स्वच्छ परीक्षानळ्यांत सारखे वाटून तोंडे सैल झाका. पाच नळ्या ४५ अंशांच्याच पाण्यात ठेवा. उरलेल्या पाच ८० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून परत ४५ अंशांवर आणा. मग दहाही नळ्या एकाच गार पाण्याच्या पातेल्यात उभ्या करा. त्यांना हलवू नका. कोणत्या नळीत पहिला स्फटिक किती मिनिटांनी दिसला, ते लिहा. (गरम पाण्याचे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे.)

सर्व नळ्यांत पदार्थ तोच, प्रमाण तेच, अखेरचे तापमानही तेच. तरी जास्त तापवलेल्या नळ्यांत स्फटिक उशिरा यावेत, अशी आपली अपेक्षा आहे. एखादी नळी हट्टीपणा करील आणि अपेक्षेविरुद्ध वागेल. स्फटिकाचा जन्म काही अंशी योगायोगाचा असतो, म्हणूनच एका नळीवर विसंबून न राहता पाच-पाच घेतल्या.

असे का होते? अतिसंपृक्त द्रावणात कण सतत एकत्र येतात आणि पुन्हा सुटतात. लहान पुंजका टिकत नाही. तो ठराविक आकारापलीकडे गेला तरच वाढू लागतो. अशा पुंजक्याला केंद्रक म्हणतात. जुन्या स्फटिकाचा डोळ्यांना न दिसणारा अवशेष काचेच्या चरीत किंवा धुळीच्या कणावर उरला असेल, तर ही पहिली अवघड पायरी वाचते. जास्त तापमानाने व वेळाने असे अवशेष विरघळून जातात. काही शास्त्रज्ञांच्या मते विरघळल्यानंतरही रेणूंचे सैल गट काही काळ द्रावणात राहत असावेत. या दोन्हींचा वाटा किती, यावर आजही संशोधन चालू आहे.

ही केवळ शाळेतली गंमत नव्हे. रिटोनाव्हिर हे एड्सवरील औषध १९९६ साली बाजारात आले. १९९८ साली त्याच्या कॅप्सूलमध्ये एक नवे, कमी विरघळणारे स्फटिकरूप आढळले. रेणू तोच, पण औषध पुरेसे विरघळेना. कॅप्सूलचा पुरवठा थांबवावा लागला आणि रुग्णांना द्रवरूप औषधाकडे वळावे लागले. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, नवे रूप जिथे जिथे पोचले, तिथे जुने रूप बनवणे अवघड होऊन बसले. त्याची अदृश्य बीजेच पुढच्या द्रावणांना आपल्या वाटेने नेत होती. अखेर औषधाची घडण बदलून नव्या कॅप्सूल आणाव्या लागल्या.

म्हणून प्रयोगवहीत केवळ 'द्रावण तापवून थंड केले' एवढे लिहू नका. किती अंशांपर्यंत तापवले, किती वेळ ठेवले, गाळले का, भांड्यात आधी काय होते, थंड होताना हलवले का, हे सारे लिहा. मित्राचा स्फटिक आला आणि तुमचा आला नाही, तर 'प्रयोग फसला' म्हणून पान फाडू नका. दोन्ही वह्या शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. द्रावणाला बोलता येत नाही. त्याचा पूर्वेतिहास तुमच्या वहीतच शोधावा लागेल.