दारातली कण्हेर आणि गोळ्यांतली कण्हेर

प्रश्न : अंगाला खाज सुटते म्हणून होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी मला ‘ओलिअँडर ३० सी’च्या गोळ्या दिल्या. त्या कण्हेरीपासून करतात म्हणे. आमच्या अंगणात कण्हेर आहे. तिच्या पानांचा काढा घेतला तर चालेल का? की गोळ्याही विषारीच?

उत्तर : काढा अजिबात घेऊ नका. कण्हेरीच्या पानाफुलांत, सालीत, मुळांत हृदयाचे ठोके बिघडवणारे ओलिअँड्रिन असते. उकळून किंवा वाळवून ते जात नाही.

गोळ्यांची मात्र धास्ती नको. ‘३० सी’ म्हणजे अर्क शंभरपट पातळ करण्याची क्रिया लागोपाठ ३० वेळा केलेली. त्यात मूळ विष जवळपास उरतच नाही. अर्थात, त्यांनी गुण येतो याचाही भक्कम पुरावा नाही. खाज थांबली नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कण्हेरीच्या ‘मदर टिंक्चर’मध्ये, म्हणजे असे पातळ न केलेल्या मूळ औषधात, मात्र खरोखरचा अर्क असतो. ते मनाने घेऊ नका.

झाड तोडायची गरज नाही. छाटताना हातमोजे घाला, फांद्या चुलीत घालू नका. कुणी पान चावून खाल्लेच, तर उलटी करवत बसू नका. १०८ला फोन करा आणि पान सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा.