'रॅम्पेज' लिहिण्याआधी

छोटी, हत्तींवरचा तुझा निबंध वाचला. जीव ओतून लिहिलास. पण पहिल्याच ओळीत 'हत्तींचा रॅम्पेज' आलाय, त्यावर जरा बोलू.

शब्द मूळ स्कॉटलंडकडचा. चवताळून, दिसेल ते मोडत सुटणं. इंग्रजीत 'गो ऑन अ रॅम्पेज' असा येतो. त्याच्याच भावकीतला 'अमोक' मलय भाषेतला, त्याच्याआधी बहुधा 'रन' लागतं; 'बर्सर्क' जुन्या नॉर्स योद्ध्यांवरून आला, त्याला 'गो'. परीक्षेपुरतं एवढं पुरे.

आता मनातलं सांगते. या शब्दांत नासधूस दिसते, कारण दिसत नाही. आपल्याकडे जनावर भ्यालं की उधळतं, रोग झाला की पिसाळतं, मदात आलं की माजतं. पिसाळलेलं कुत्रं चावलं म्हटलं की आई आधी साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुते, मग सुईसाठी दवाखान्यात नेते. काय करायचं ते शब्दातूनच कळतं.

आता तुझ्या निबंधातले हत्ती. मूळचा ओडिशाचा तो कळप 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून गडचिरोलीत उतरला, 2022 मध्ये आपल्या अर्जुनी मोरगावकडे आला. बांध्यांमध्ये धान उभं, कुठे पुंजणे रचलेले. हत्ती खात निघाले. त्यात मागे मोबाइल घेऊन धावणारी गर्दी, फटाके. वर्षाचं धान एका रात्रीत तुडवलं गेलं की घरात काय होतं, ते तुला मी सांगायला नको. मग तेच लिही ना: कुणाची बांधी, किती धान गेलं, पंचनामा झाला का. आपण कोहमाऱ्याचे. एकीकडे नागझिरा, दुसरीकडे नवेगाव, 2013 पासून दोन्ही मिळून एक व्याघ्र प्रकल्प, आणि मधून आपला महामार्ग. जनावरांनी तो ओलांडायचा कसा, हे आपणच लिहायचं.

आणखी एक, निबंधाबाहेरचं. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याबद्दल कुणी 'तो बर्सर्क होतो' म्हटलं तर मान डोलवू नकोस. तोच माणूस साहेबासमोर हात जोडून उभा असतो, हात उचलतो तो घरी आल्यावरच. त्याला सगळं कळतं. 2005 च्या कायद्यात याला कौटुंबिक हिंसाचार म्हटलंय. परवा मैत्रिणीच्या घरचं तू अर्धवट सांगून गप्प झालीस. तिच्या आईला 181 हा नंबर दे. आणि रविवारी दोघींना आपल्याकडे घेऊन ये, मी घरीच आहे.