माशांच्या टाकींतील शुद्ध पाणी

काळ्या पाषाणाच्या आपल्या परभणी जिल्ह्यांत विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. म्हणून हौसेनें मासे पाळणारे कित्येक बागाईतदार टाकींत आर. ओ. यंत्राचें पाणी भरतात, आणि इतक्या निर्मळ पाण्यांत मासे मरावेत याचें त्यांस नवल वाटतें. वस्तुतः त्या यंत्रांत कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट हीं बहुतेक निघून जातात. मग माशांचा मळ कुजून पाणी आम्ल होऊं लागलें असतां त्यास आवरणारें कांहींच उरत नाहीं.

१० लिटर पाण्यांत १ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळविल्यास आम्लता आटोक्यांत राहते, परंतु कॅल्शियम मिळत नाहीं. मीठहि त्याची जागा घेत नाहीं. आमच्या मतें पाव हिस्सा विहिरीचेंच पाणी मिसळणें सोपें. मात्र खत दिलेल्या शेतालगतच्या विहिरीचें नायट्रेट आधीं तपासून घ्यावें, आणि टाकींतील पाणी एकदम न बदलतां थोडथोडें बदलावें.